निजवलेला माका

माका बोटांत चुरडला की आधी हिरवा रस येतो. मग बघता बघता तो काळा पडतो, आणि एकदा काळी पडलेली बोटं साबणाला दाद देत नाहीत. हरतालिकेच्या आदल्या दिवशी पेणच्या आमच्या घरात सगळ्यांचीच बोटं अशी असायची. आईची, माझी, आणि पत्री निवडायला म्हणून बसून नुसताच पसारा करणाऱ्या माझ्या वडिलांची, अण्णांचीसुद्धा.

यंदा पुण्यात लेकीनं पत्रीचं पाकीट मागवलं. फोनवरून मागवायचं, दाराशी येतं. आत एकवीस छोट्या जुड्या, प्रत्येकीला नावाची चिठ्ठी. देवदारसुद्धा होता. आईला हे दाखवायला हवं होतं, असं आधी मनात आलं. पेणला देवदार कुठून मिळणार? आई दर वर्षी त्याच्या नावानं दूर्वांची एक जुडी जास्त वाहायची आणि गणपतीला सांगायची, "हाच देवदार समज हो." गणपतीनं कधी तक्रार केल्याचं आठवत नाही. मी माक्याची जुडी उचलली, सवयीनं एक पान चुरडलं आणि बोट काळं होईपर्यंत तशीच उभी राहिले. लेकीनं विचारलं, "आई, काय झालं?" मी काही नाही म्हणाले. पण मला चांगुणामावशी आठवली होती, आणि ती आठवली की त्या दिवशी मला दुसरं काही सुचत नाही.

ते सगळं एका भाद्रपदातलं आहे. नव्वदीच्या दशकाच्या मध्यावरचा भाद्रपद. मी चोवीस वर्षांची होते, सूक्ष्मजीवशास्त्रात एम. एस्सी. झाले होते आणि आपल्याला बरंच कळतं असं मला वाटत होतं.

भाद्रपद जवळ आला की आमच्या पेणला ओल्या शाडूचा आणि रंगाचा वास यायचा. गणपतीच्या कारखान्यांच्या ओट्यांवर बिनडोळ्यांच्या मूर्ती ओळीनं बसलेल्या असायच्या. पाऊस उघडला की त्या बाहेर, भुरभुरला की आत. डोळ्यांची आखणी करणारे जुने कारागीर त्या दिवसांत कुणाशी फारसं बोलत नसत, आणि त्यांच्या दारावरून जाताना आम्हीही आवाज खाली करायचो. सकाळी साडेसहाच्या रोह्याच्या एस्टीला मी जायची तेव्हा त्या मूर्तींवर प्लॅस्टिकचे कागद घातलेले असायचे. संध्याकाळी परत यावं तर सकाळच्या काही मूर्तींना डोळे आलेले असायचे. दिवसभर सूक्ष्मदर्शकात डोकं घालून बसलेली मी त्या डोळ्यांकडे बघत घरी जायची. एवढा स्थिर हात आपला असता तर, असं वाटायचं.

रोह्याला एका औषध कंपनीत मी नोकरीला होते. काम साधं होतं. तयार होणाऱ्या औषधात, पाण्यात, बाटल्यांत, हवेत कुठेही जंतू नाहीत हे रोज तपासायचं. काचेच्या गोल प्लेटमध्ये आगर, म्हणजे जंतूंचं खाद्य मिसळलेली पातळ जेली, ओतायचं, त्याची खळीसारखी घट्ट वडी झाली की त्यावर नमुना घालायचा, उबेत ठेवायचं आणि दोन दिवसांनी बघायचं. प्लेट कोरी राहिली तर सगळे खूश. काही उगवलं तर आमच्या खात्यात सुतक. आमचे सामंतसाहेब माणूस चांगला, पण प्लेटवर एक ठिपका दिसला तरी त्यांचा चेहरा उतरायचा. ते ओरडत नसत. नुसतं म्हणत, "हात सुधारा." मग प्लेट मोठ्या ऑटोक्लेव्हमध्ये जायची, म्हणजे कंपनीच्या थोरल्या प्रेशर कुकरमध्येच म्हणा ना, आणि त्यात जे काही जिवंत होतं ते मरून जायचं. नको ते उगवलं की प्लेट बाद, हा पहिला धडा. मी तो इतका चांगला गिरवला होता की घरी विरजणाच्या भांड्याकडेही मी संशयानं बघायची. आई म्हणायची, "उद्यापासून तू दूध पी आणि दह्याचं नाव काढू नकोस."

चांगुणामावशी धरमतरच्या अलीकडच्या खाडीकाठच्या गावातली. एरवी ती भाजी विकायची, भाद्रपदात पत्री. एस्टीतून दोन पाट्या घेऊन उतरायची आणि बाजाराच्या तोंडाशीच बसायची. आई तिच्याशिवाय कुणाकडून पत्री घेत नसे. आईची एकवीस पानं मोजून व्हायच्या आत तिची तीन गिऱ्हाइकं व्हायची, पण ती आईला कधी घाई करायची नाही. "मोज गो बाय, मोज. देव पन मोजूनच घेतो," असं म्हणून हसायची.

तिच्याकडे लोक आणखी एका गोष्टीसाठी यायचे. तिच्या पाटीत, ओल्या फडक्याखाली, मातीचं एक बोळकं असायचं. त्यात काळपट लगदा. मिठागरात काम करणाऱ्या माणसांच्या पायांना ती तो लावायची.

त्या पायांबद्दल सांगायला हवं. दिवाळी झाली की मिठागरं सुरू होतात. आधी चिखल पायांनी तुडवून तुडवून तळ घट्ट करायचा, मग त्यात खाडीचं पाणी घ्यायचं, मग मीठ धरलं की ओढायचं. पावसाळा तोंडावर येईपर्यंत पाय खारात. टाचांना भेगा पडतात, भेगांत खार शिरतो आणि एखादी भेग जी उघडते ती मिटायचं नावच घेत नाही. चांगुणामावशीचा नवरा धर्मा हा त्यांतलाच. पावसाळ्यात भात लावायचा, एरवी मिठागर. त्या वर्षी त्याच्या उजव्या पायाला, अंगठ्याखाली, एक जखम झाली होती. ती पावसातही भरून आली नव्हती. सरकारी दवाखान्यात तो ड्रेसिंगला जायचा. डॉक्टरांनी सांगितलं होतं, जखम पसरू देऊ नका, पसरली तर कापावं लागेल. दवाखान्याचं औषधही चालू होतं आणि मावशीचा लगदाही. रोज संध्याकाळी ती त्याचा पाय कढत पाण्यानं धुवायची, पुसायची, दिव्याजवळ धरून बघायची आणि मग लगदा लावायची. जखम भरत नव्हती, पण वाढतही नव्हती. त्यांना दिवाळीपर्यंत पाय बरा करायचा होता.

हे सगळं मला तिनंच सांगितलं. मी आईबरोबर पत्री घ्यायला गेले होते. आईनं कौतुकानं सांगितलं, आमची शुभा औषधाच्या कंपनीत असते. चांगुणामावशीनं हातातली जुडी खाली ठेवली.

"औशदाच्या? मंग तू मना एक सांगशील काय?"

ती आमच्याबरोबर घरापर्यंत आली. ओटीवर बसली, आत यायला तयार नव्हती. तिचं म्हणणं असं होतं. तो लगदा माक्याचा असतो. पण वाटेवरचा, गटाराकाठचा माका चालत नाही. गावाबाहेर खारबंदिस्तीच्या, म्हणजे खाडीचं पाणी शेतात येऊ न देणाऱ्या मोठ्या बांधाच्या, आतल्या अंगाला एक जुना बांध आहे, त्याच्यावरचाच लागतो, आणि तो मुळासकट. तिच्या सासूनं तिला तसंच दाखवलं होतं.

"बाजाराच्या रस्त्यावरचा माका देवाला चालतो. पायाला नाय चालत," ती म्हणाली. "दिसाया येकच. पन गुन नाय."

"आणि लगेच लावता?"

"नाय गो! वाटायचा, बोलक्यात घालायचा, वरून वलं फरकं टाकायचं आनि निजवायचा. येक रात, येक दिस. निजल्याबिगर त्याला जोर नाय येत."

अडचण अशी होती की तो बांध जाणार होता. खाडीतून बार्जेसवर येणारा माल उतरवून ठेवायला कुणाला तरी आवार हवं होतं, आणि भराव टाकायचं काम दिवाळीनंतर सुरू होणार होतं. माका तिथून उपटून दारात लावून तिनं बघितला होता. तो जगला होता, पण त्याला गुण नव्हता. म्हणून तिला हवं होतं की कुणीतरी शिकलेल्या माणसानं त्या माक्यात काय आहे ते शोधून काढावं, बांध बुजायच्या आत. धर्माच्या पायासाठी, आणि नंतर येणाऱ्या पायांसाठीही.

"तुमच्या कंपनीत काचेत घालून बगतात ना? तसं बग. सापरलं तं जपून ठेव."

"ठेवीन," मी म्हणाले. किती सहज म्हणाले.

दुसऱ्या दिवशी तिनं मला त्या बांधावरचा माका आणून दिला, मुळांना माती तशीच. "जास्त धुवू नको," ती म्हणाली. मी हो म्हटलं आणि कंपनीत गेल्यावर पहिलं काम केलं ते धुण्याचं. सामंतसाहेबांनी शिफ्ट संपल्यावर तासभर काम करायची परवानगी दिली होती. पुढचे पंधरा दिवस मी उशिराच्या एस्टीनं घरी येत होते. नागोठण्याच्या पुढे खिडकीतून भाताची शेतं दिसायची, नुकती पोटरीत आलेली, आणि मी मनातल्या मनात चांगुणामावशीला सांगायची होती ती वाक्यं जुळवायची. मी ठरवूनच टाकलं होतं की काहीतरी सापडणार.

आधी मी माक्याचा ताजा रस काढला आणि जंतू अडवणाऱ्या बारीक गाळणीतून गाळून घेतला. जखमेत पू करणारा जंतू आम्ही चाचण्यांसाठी पाळलेलाच होता. प्लेटभर तो पसरला आणि मध्ये रसाचे थेंब ठेवले. रसात गुण असता तर थेंबाभोवती जंतू मरून स्वच्छ वर्तुळ पडलं असतं. काही पडलं नाही. निजवलेला लगदाही मावशीनं दिला होता. त्याचा एक कण सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला तर आत नुसती जत्रा. जिकडे बघावं तिकडे जिवाणू वळवळताहेत. मी शहारले. हे लोक उघड्या जखमेला लावतात!

मग मी देठ घेतले. स्पिरिटमध्ये बुडवले, पाऱ्याच्या औषधात बुडवले, निर्जंतुक पाण्यानं पुन्हा पुन्हा धुतले. बाहेरचा एकही जंतू जिवंत राहणार नाही इतकं केलं. मग त्यांचे बारीक तुकडे करून त्या जंतूच्या प्लेटवर ठेवले. दोन दिवसांनी बघते तर देठाच्या कापलेल्या टोकातून काहीतरी बाहेर आलेलं. मळकट पिवळं, सायीसारखं सुरकुतलेलं. नको ते उगवलं होतं.

त्याच्याभोवती स्वच्छ वर्तुळ होतं. ते मी बघितलं. आज डोळे मिटले तरी मला ते दिसतं, नखाएवढी रुंद, आरपार दिसणारी जागा. पण मी ते बघितलं आणि मोजलं नाही, कारण प्लेट बाद झाली होती. बाद प्लेटवर काय दिसतं ते कुणी बघत नाही. झाड आतून निर्जंतुक असतं, असं मी शिकले होते. आत काही नसतं, म्हणजे आलं ते बाहेरूनच आलं. माझ्या हातांतून, माझ्या श्वासातून, माझ्या निष्काळजीपणातून. सामंतसाहेबांनी प्लेट उजेडाला धरली आणि म्हणाले, "हात सुधारा."

मी हात सुधारले. नखं मुळापासून कापली. पुन्हा देठ घेतले, पुन्हा तेच उगवलं. तिसऱ्यांदा घेतले, तिसऱ्यांदाही तेच. त्याच उबेच्या कपाटात, त्याच दिवशी, नुसत्या आगरच्या, माका न ठेवलेल्या चार प्लेटी शेजारी असायच्या, आणि त्या चारही कोऱ्या. बाहेरची घाण तीन वेळा एकसारखी कशी येते, आणि ती माक्याच्या प्लेटवरच नेमकी कशी येते, एवढा साधा प्रश्न होता. शाळेतल्या पोरीलाही पडला असता. मला पडला नाही. मला लाज वाटत होती, आणि लाज वाटत असली की माणूस नीट बघत नाही. तिन्ही वेळच्या सगळ्या प्लेटी मी स्वतःच्या हातानं ऑटोक्लेव्हमध्ये ठेवल्या, झाकण फिरवून घट्ट केलं आणि काट्याकडे बघत उभी राहिले. वीस मिनिटं. त्या वीस मिनिटांत मला बरं वाटत होतं, हेही खरं आहे.

अनंत चतुर्दशी होऊन गेली होती. भोगावती नदीच्या काठी निर्माल्याचे ढीग पडले होते, त्यात एकवीस पत्रींची सगळी पानं एकत्र कुजत होती. बाजारात चांगुणामावशी पुन्हा भाजी घेऊन बसली होती, पडवळ आणि शिराळी. मला बघितल्यावर ती उठूनच उभी राहिली. समोर दोन-तीन बायका भाजी घेत होत्या. त्या गेल्यावर बोलावं, एवढं भान मला हवं होतं.

"मावशी, त्यात काही नाही," मी म्हणाले.

"काय नाय?"

"काहीच नाही. मी सगळं करून बघितलं. आणि तो निजवलेला तर लावूच नका. नुसते जंतू आहेत त्यात. घाण आहे ती."

"घान?" तिनं विचारलं.

भाजी घेणाऱ्या बायकांतली एक दुसरीकडे बघून हसली. चांगुणामावशीनं फडक्याखालचं बोळकं काढलं, गटारात उपडं केलं आणि रिकामं पाटीत ठेवलं.

"तू शिकलेली हायस. तू बोलतेस तं असंल," ती म्हणाली.

मी घरी गेले. दवाखान्याचं ड्रेसिंग चुकवू नका, असं मी सांगितलं होतं का? मला वाटतं सांगितलं होतं. पण मला तसं वाटायला हवं असतं, म्हणूनही वाटत असेल.

त्यानंतर जे झालं ते मला आईकडून तुकड्यातुकड्यानं कळलं. लगदा बंद झाला. लगदा बंद झाला तसं संध्याकाळचं पाय धुणंही बंद झालं, कारण लावायचंच काही नाही तर धुवायचा कशाला. दिव्याजवळ पाय धरून बघणं बंद झालं. धर्मा वैतागला होता. बायको इतकी वर्षं आपल्या आणि गावाच्या पायांना घाण लावत आली, हे त्यानं मनाला लावून घेतलं, आणि मग दवाखान्यातही कधी गेला, कधी नाही. दिवाळीनंतर मिठागरं सुरू झाली. तो तसाच चिखलात उतरला. संक्रांतीच्या सुमाराला मोठ्या इस्पितळात त्याचा उजवा पाय अर्धा कापला. तेव्हा तो तिला म्हणाला होता, "कंपनीतल्या बायनं सांगितलं नसतं तं अजून लावलीच असतीस. एवरी वर्सं मना घान लावलीस."

हे आईला चांगुणामावशीनं सांगितलं, भाजी मोजता मोजता. बोळकं तिनं पुन्हा कधी आणलं नाही. कुणी विचारलं तर म्हणायची, "नाय, ते काय खरं नव्हतं."

पुढच्या भाद्रपदापर्यंत बांधावर मुरूम पडला होता. मी एस्टीनं वडखळ ओलांडून मुद्दाम बघायला गेले होते. लाल, सपाट, कोरी जागा. तेव्हाही मला फक्त धर्माच्या पायाचं वाईट वाटलं. काही हरवलं आहे, हे मला माहीतच नव्हतं.

लग्न झालं, पुण्याला आले, कॉलेजात शिकवायला लागले. नऊ-दहा वर्षं गेली असतील. एका दुपारी ग्रंथालयात एक लेख हाती आला. औषधी वनस्पतींच्या आत, देठात, मुळांत, पानांच्या शिरांत, जिवाणू राहतात. झाडाला आजारी न पाडता राहतात. झाड त्यांना पोसतं आणि ते झाडाला राखतात. झाड राखण्यासाठी ते जी द्रव्यं करतात त्यांतून माणसासाठी नवी औषधं मिळू शकतात. पुष्कळदा आपण झाडाचा गुण म्हणतो तो एकट्या झाडाचा नसतो. जात एकच, पण जागा बदलली की आतले जिवाणू बदलू शकतात. ते शोधायची रीतही दिली होती. देठ घ्या, बाहेरून निर्जंतुक करा, कापा, आगरवर ठेवा. माझीच रीत, शब्द न् शब्द. फक्त शेवटची पायरी वेगळी होती. कापलेल्या टोकातून जे उगवेल ते जपून ठेवा, असं तिथे लिहिलं होतं.

मला त्या चार कोऱ्या प्लेटी आठवल्या. त्याच बांधावरचा, मुळासकट, जास्त न धुता. निजवायचा, म्हणजे आतल्या जिवाणूंना वाढायला एक रात्र आणि एक दिवस द्यायचा. तिनं मला सगळं सांगितलं होतं, एकही पायरी न गाळता. मी गाळणीतून नेमकं तेच गाळून टाकलं होतं.

मी आज शिकवते तेव्हा मुलांना सांगते की अशा वर्तुळावरून औषध होत नाही. प्लेटवर चालतं ते जखमेत चालेलच असं नाही. त्या लगद्यात भलतेसलते जंतूही असणारच, आणि त्यानं एखाद्याचं वाईटही झालं असेल. धर्माचा पाय माक्यानं टिकला होता, दवाखान्याच्या औषधानं, की रोजच्या कढत पाण्यानं आणि दिव्याजवळच्या त्या बघण्यानं, हे मला माहीत नाही. आता कुणालाच कळायचं नाही. हे सगळं खरं आहे, आणि तरी रात्री पाठ टेकल्यावर त्याचा काही उपयोग होत नाही. जपून ठेव म्हटलं होतं आणि मी ठेवीन म्हणाले होते.

वाचल्यावर तरी जाऊन सांगायचं होतं. नाही सांगितलं. मी कारणं शोधली. तिला काय कळणार, जुन्या जखमेवरची खपली कशाला काढा, अशी. आई होती तोवर मी दर भाद्रपदात पेणला जायची, पण पत्री घ्यायला बाजाराच्या दुसऱ्या टोकाला. आई विचारायची, "चांगुणा नव्हती का?" मी म्हणायची, दिसली नाही. भित्रेपणा म्हणतात तो हाच.

यंदा ते पाकीट आलं, बोट काळं झालं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी पेणची गाडी पकडली. लेकीला वाटलं, मला पाकिटातली पत्री पसंत पडली नाही.

बाजाराच्या तोंडाशी ती होती. केस पांढरे, पाठ वाकलेली, समोर त्याच दोन पाट्या. मी समोर बसले आणि म्हणाले, "मावशी, मी शुभा. अण्णामास्तरांची."

"वलखलं गो," ती म्हणाली. "तू तिकरच्या टोकाला घ्यायचीस पत्री. मी बगायची ना दर वर्साला."

मग सगळं सांगितलं. देठातून काय आलं, त्याच्याभोवती काय दिसलं, ते मी घाण समजून कसं मारून टाकलं, आणि ते कळल्यावरही इतकी वर्षं आले कशी नाही. ती आता बोलेल, शिव्या देईल, अशी माझी तयारी होती. खरं म्हणजे तिनं द्याव्यात असंच वाटत होतं.

"म्हंजे व्हतं?" तिनं विचारलं. "आमच्या माक्यात व्हतं काय तरी?"

"होतं."

"तू बगितलंस? तुज्या डोल्यांनी?"

"तीनदा बघितलं."

तिनं पदर तोंडाशी धरला. गिऱ्हाईक येऊन उभं राहिलं, कंटाळून गेलं.

"मंग मी लोकांना घान नाय लावली," ती म्हणाली. "सासू पन खोटी नव्हती."

मी आजवर एका पायाचा हिशोब मनात घेऊन फिरत होते. ह्या बाईच्या मनात गावातले सगळे पाय होते, आणि त्या सगळ्यांना आपण फसवलं असं समजून ती इतकी वर्षं इथे बसली होती. हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.

"त्याला सांग," ती म्हणाली. "त्याच्यासमोर सांग."

पाटीमागे, गोणपाटावर, धर्माकाका दूर्वांच्या जुड्या बांधत बसले होते. उजव्या पायाला, अर्ध्या पायाला, फडकं गुंडाळलेलं. त्यांना सगळं ऐकू गेलं होतं, तरी मी त्यांच्यासमोर उकिडवी बसले आणि पहिल्यापासून सांगितलं. पाय वाचला असता की नाही ते मला माहीत नाही, हेही सांगितलं. पण ती घाण नव्हती. मी बोलले ते चुकीचं होतं, आणि मावशी बोलत होत्या ते बरोबर होतं.

ते दूर्वा मोजत राहिले. एकवीस झाल्यावर दोरा गुंडाळला, दातानं तोडला. माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही. डावा पाय पुढे घेऊन टाचेवरून अंगठा फिरवला आणि बायकोला म्हणाले,

"आजचा माका सगला नको इकू."

"का?"

"या पायाला भेगा परल्यात. निजव थोरा."

पाटीतला माका बाजाराच्या रस्त्यावरचा होता. देवाला चालणारा, पायाला न चालणारा. हे तिला माहीत होतं, त्यांना माहीत होतं, आणि मलाही तिनंच कधीतरी सांगितलेलं होतं. चांगुणामावशीनं त्यातली एक चांगली मोठी जुडी निवडली, मुळांची माती न झटकता ओल्या फडक्यात गुंडाळली आणि आपल्या मांडीशी ठेवली.